‘काय काम करेल शे भो!’ याच्या पुढे: आवडत्या चित्रपटातल्या अभिनयावर नेमकं कसं बोलावं

चित्रपट सुटला, चार जण पानटपरीशी उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. जळगावात ‘एक नंबर काम केलं’, धुळे-शिरपूरकडे ‘काय काम करेल शे भो!’. दुसरं वाक्य मात्र येत नाही. गाडी लगेच कथेवर घसरते, नाहीतर गाण्यांवर, नाहीतर चित्रपटाने किती कोटी कमावले त्यावर.

समज कमी पडते असं नाही. सोंगाड्याची वेळ अर्ध्या क्षणाने चुकली तर तमाशाच्या कनातीत शेवटी बसलेल्या माणसालाही ते कळतं. कमी पडते ती पाहिलेलं पकडून ठेवायची सवय. ती लागण्यासाठी एकच गोष्ट घट्ट धरायची: नटाबद्दल बोलायचं नाही, नटाने केलेल्या एका कृतीबद्दल बोलायचं. ‘नाना ग्रेट आहे’ यावर कुणाला पुढे काही बोलता येत नाही. ‘त्या वाक्याआधी तो थांबला का?’ यावर तासभर बोलता येतं.

चित्रपट नव्हे, एक भूमिका निवडा

सुरुवात करणारे बहुतेक जण आवडत्या दहा चित्रपटांची यादी करतात आणि तिथेच अडकतात. यादी ठेवा बाजूला. एक भूमिका घ्या, आणि तीही पाच वर्षांपेक्षा जुन्या चित्रपटातली. नव्या चित्रपटावर बोलताना मुलाखती, रील आणि जाहिराती डोक्यात असतात. आपण आपलं मत समजून दुसऱ्याचंच बोलत असतो. पाच वर्षांत तो गाळ खाली बसतो.

गटात बोलायचं असेल तर सगळ्यांनी पाहिलेला चित्रपट घ्या. ‘सैराट’ (२०१६), ‘फँड्री’ (२०१३), ‘नटसम्राट’ (२०१६), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांवर सहसा कुणी ‘मी पाहिलाच नाही’ म्हणत नाही. ‘कोर्ट’ किंवा ‘सिंहासन’ दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला आणा. पहिल्याच दिवशी आणलेत तर निम्मे लोक गप्प बसतील आणि उरलेले शहाणपणा दाखवतील.

पाहायचं कसं: एकदा सरळ, मग तीन वेळा तुकड्याने

पहिल्यांदा पाहताना वही-पेन घेऊ नका. वही हातात असली की चित्रपट अंगावर येत नाही. संपल्यावर तासाभराच्या आत, मागे न जाता, मनात राहिलेले तीन क्षण लिहून काढा. प्रत्येकाला एक ओळ पुरे. प्रसंग नको, क्षण हवा. ‘भांडणाचा प्रसंग’ हा क्षण नाही. ‘भांडण संपल्यावर ती पदर खोचते’ हा क्षण आहे. तीन आठवत नसतील तर दोनच लिहा. एकही आठवत नसेल तर ती भूमिका आवडली हे मत पुन्हा तपासायला हवं.

दुसऱ्या दिवशी फक्त त्या तीन जागा काढा. प्रत्येक जागेच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरची दोन, म्हणजे तीन मिनिटांचा तुकडा. तो तीनदा बघायचा. तीन तुकडे, तीन मिनिटं, तीन वेळा: सत्तावीस मिनिटं. लिहिण्यासकट पाऊण तासात काम होतं.

पहिली फेरी आवाज बंद करून. आता फक्त शरीर दिसेल. हात कुठे आहेत, पापणी कधी लवते, शरीराचा भार कुठल्या पायावर आहे, श्वास छातीत चाललाय की गळ्याशी, दोघांपैकी आधी कोण हललं. मन लावून करायची फेरी हीच. संवाद इतके मोहात पाडतात की हात पाहायचे राहून जातात. बनियनवर बसलेला माणूस दार वाजल्यावर आधी शर्टाकडे बघतो की दाराकडे, एवढ्यावरून त्या घरात कोण येतं-जातं ते कळतं. आवाज चालू असताना ही गोष्ट डोळ्यासमोरून निघून जाते.

दुसरी फेरी डोळे मिटून, इयरफोन लावून. आता वाक्यांचा वेग ऐका. कुठल्या शब्दावर दाब आहे, थांबा कुठे आहे आणि किती मोठा, वाक्याच्या शेवटी आवाज खाली बसतो की लटकत राहतो. थांबा मनातल्या मनात ‘एक-दोन-तीन’ असा मोजा. विनोदी प्रसंगात तर हे मोजणं हाच खरा अभ्यास आहे. ‘बनवाबनवी’त अशोक सराफ समोरच्याचं बोलणं संपल्यावर किती वेळाने प्रतिक्रिया देतात ते दोन-चार प्रसंगांत मोजून बघा. हसू शब्दावर येतं की त्याआधीच्या रिकाम्या जागेवर, ते आपोआप कळेल.

तिसरी फेरी आवाज चालू ठेवून, पण बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघायची. चांगला नट ऐकताना सापडतो. ‘सिंहासन’ (१९७९) याचं उत्तम उदाहरण. निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस बराच वेळ दुसऱ्यांचं ऐकत असतो. मंत्री बोलतात, कार्यकर्ते बोलतात, तो बघतो. ते सगळं ऐकलेलं त्याच्यात साठत जातं, म्हणून शेवटचं त्याचं वेड्यासारखं हसणं अंगावर येतं. शेवटचा प्रसंग तेवढा काढून दाखवलात तर नुसता हसणारा माणूस दिसेल.

यंत्राच्या चुका नटाच्या माथी मारू नका

मोबाइलवर बघताना दोन बोटांनी चित्र ताणून स्क्रीन भरून घेतात. त्यात वरची-खालची चौकट कापली जाते आणि नटाचे हात बाहेर जातात. मग ‘हिने नुसता चेहराच वापरलाय’ असं मत बनतं. काळ्या पट्ट्या राहू द्या.

ब्लूटूथ स्पीकरवर बऱ्याचदा आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने मागे पडतो. ओठ आधी, शब्द नंतर. डोळ्याला नेमकं कळत नाही, पण अभिनय ‘खोटा’ वाटायला तेवढं पुरतं. वायरने जोडा, नाहीतर टीव्हीचाच आवाज ठेवा. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी ‘मोशन’ नावाची सेटिंग असते, ती बंद करा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिच्यामुळे टीव्ही मालिकेसारखा दिसू लागतो आणि चांगली भूमिकाही स्वस्त वाटते.

सर्वांत मोठी गफलत डबिंगची. दक्षिणेतले चित्रपट खान्देशात हिंदीतून बघितले जातात, आणि लोक आवाजासकट नटाला दाद देतात. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासचा आवाज शरद केळकर यांचा आहे. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदे यांचा. अल्लू अर्जुनला ‘पुष्पा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो तेलुगू भूमिकेसाठी. आपण पाहिली ती दोन माणसांनी मिळून केलेली भूमिका. अशा चित्रपटावर बोलताना शरीराचं श्रेय एकाला द्या, आवाजाचं दुसऱ्याला. तळपदे आपलेच म्हणून त्यांना जास्त द्या, असंही नाही.

हे नटाने केलं की दुसऱ्या कुणी?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबू.

‘सैराट’चा शेवट घ्या. तो आता कुणापासून लपलेला नाही. लहान मूल दारातून आत येतं, रडत बाहेर चालू लागतं, आवाज पूर्ण बंद, जमिनीवर पावलांचे ठसे. थिएटर गोठून बसतं. पण त्या मुलाने अभिनय केलेला नाही. तो परिणाम आवाज काढून घेण्याच्या निर्णयाचा आहे, कॅमेरा कुठे ठेवला त्याचा आहे, आणि आधीच्या अडीच तासांचा आहे. ‘शेवटी काय ॲक्टिंग आहे!’ म्हणणारा भारावलाय ते खरं, पण श्रेय चुकीच्या माणसाला देतोय.

मग ओळखायचं कसं? दोन सोप्या चाचण्या आहेत.

पहिली, काप मोजणं. काप म्हणजे एक चित्रण तोडून दुसरं जोडलेली जागा. तुकडा चालू असताना दृश्य बदललं की मांडीवर बोट टेकवा. तीन मिनिटांत साठ-सत्तर टेकवण्या झाल्या, तर ती भूमिका संकलनाच्या टेबलावर जोडली गेली आहे. वाईट नाही, पण श्रेय वाटून द्यावं लागेल. मिनिट-दीड मिनिट एकही टेकवणी नसेल तर नटाला लपायला जागा नव्हती. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी उभा असतो आणि माणसं चौकटीत आपापली कामं करत राहतात. तिथे जे दिसतं ते बहुतांशी नटांचं.

दुसरी चाचणी पार्श्वसंगीताची. आवाज बंद केल्यावरही तो क्षण तितकाच लागतो का? लागत असेल तर नटाचा. निम्मा उरला तर निम्मा व्हायोलिनचा.

एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने केलेल्या प्रयोगाची ही घरगुती आवृत्ती. घरातल्या कुणाला खिडकीच्या उजेडात बसवा, चेहऱ्यावर काहीही न आणता भिंतीवरच्या एका खुणेकडे बघायला सांगा आणि सात सेकंद चित्रण करा. मग तीन फोटो घ्या: भरिताने भरलेलं ताट, शटर पाडलेलं दुकान, झोपलेलं लहान बाळ. मोबाइलमधल्या कुठल्याही संकलन ॲपमध्ये तीन वेगळे तुकडे करा: चेहरा सात सेकंद, फोटो तीन सेकंद, पुन्हा तोच चेहरा सात सेकंद. तीन तुकडे तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा, एकाला एकच. चेहऱ्यावर काय दिसलं ते विचारा. एकाला भूक दिसेल, एकाला चिंता, एकाला माया. चेहरा तोच. पार्श्वसंगीत टाकू नका, नाहीतर प्रयोग बिघडतो. चेहरा हसरा असेल तरीही बिघडतो.

हे एकदा केलं की ‘डोळ्यांतून बोलला’ हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. निघालं तर पुरावा घेऊन निघतं.

भरतमुनींचे चार कप्पे

इंग्रजी समीक्षेतले शब्द उसने आणायची गरज नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार भाग करून ठेवलेत आणि ते आजही उपयोगी पडतात. आंगिक म्हणजे शरीर. वाचिक म्हणजे आवाज आणि बोली. आहार्य म्हणजे वेश, रंगभूषा, हातातल्या वस्तू. सात्त्विक म्हणजे आतून उमटणारं: घाम, कंप, अंगावर काटा, आवाज फुटणं, अश्रू. (ग्लिसरीनचे अश्रू मात्र आहार्यात धरायचे.)

वहीचं पान चार भागांत वाटा आणि प्रत्येक क्षणासाठी कुठल्या कप्प्यात काही लिहिता येतं ते बघा. चारही भरायची सक्ती नाही. आहार्याचा कप्पा एकटाच गच्च भरला, म्हणजे दाढी, जखम, वाढवलेलं वजन, आणि बाकीचे रिकामे राहिले, तर आपण मेहनतीलाच अभिनय समजतोय. वजन कमी करणं हे कष्टाचं काम आहे, कौतुकाचंही आहे, पण ते वेगळं.

वाचिकाच्या कप्प्यात खान्देशातल्या माणसाने थोडा जास्त वेळ घालवावा. मराठी चित्रपटातला ‘गावाकडचा’ माणूस बहुतेक वेळा कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलतो. आपल्या कानाला अहिराणी किंवा यावल-रावेरकडची लेवा बोली सवयीची, त्यामुळे त्या कोल्हापूर-साताऱ्याच्या बोलीतले बारकावे आपल्याला चटकन कळत नाहीत. म्हणून ‘बोली जमली नाही’ म्हणण्याआधी विचारा: ही बोली कुठली, आणि मला ती येते का? ‘सैराट’ची भाषा करमाळ्याकडची. तिला खान्देशी कानाने मापलं तर गडबड होणार. याउलट एखाद्या नटाने अहिराणी बोलायचा प्रयत्न केला तर आपल्याइतका कडक परीक्षक नाही. तिथे सरळ बघा: ‘ळ’ चा ‘य’ होतोय का, डोळ्याला ‘डोया’ आणि केळीला ‘केयी’ म्हणतोय का, ‘आहे’च्या जागी ‘शे’ सहज येतोय की प्रत्येक वाक्याला मुद्दाम चिकटवलाय.

मत मांडायचं वाक्य

टिपणं झाली की मत एका वाक्यात बसवा. त्याचे चार तुकडे: कुठला क्षण, नटाने काय केलं, त्यातून काय कळलं, आणि वेगळं केलं असतं तर काय बिघडलं असतं. चौथा तुकडा लोक विसरतात आणि खरं वजन त्यातच असतं.

‘कोर्ट’मधल्या सरकारी वकिलाच्या भूमिकेचं उदाहरण बघा. कच्चं मत असं: ‘गीतांजली कुलकर्णीने काय नॅचरल काम केलंय.’ पक्कं मत असं: ‘कायद्याची कलमं वाचताना ती आवाज चढवत नाही, किराण्याची यादी वाचावी तशी सलग वाचत जाते. त्यावरून कळतं की हे तिचं रोजचं काम आहे, आरोपीशी तिचं काही वैर नाही. तिने हिंदी चित्रपटातल्या वकिलासारखं टेबल आपटलं असतं, तर आरोपी नारायण कांबळेवरचा अन्याय एका दुष्ट बाईमुळे झाला असं वाटलं असतं. आता तो कुणाएकामुळे होत नाही, आणि तेच जास्त भीतीदायक आहे.’ पुढे तीच बाई घरी स्वयंपाक करताना दिसते, तेव्हा हे मत आणखी पक्कं होतं.

‘नॅचरल’ हा शब्द महिनाभर वापरायचाच नाही असं ठरवून बघा. ‘जिवंत’, ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’ हेही त्याच पोत्यात टाका. शब्द बंद केले की माणसाला दाखवावं लागतं.

‘ओव्हरॲक्टिंग’ हा शब्द तर फारच स्वस्त झालाय. मोठा अभिनय आणि खोटा अभिनय हे वेगळे आहेत. वगनाट्यातला नट मोकळ्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून मोठा होतो. कॅमेरा दोन फुटांवर असताना कुणी तेवढाच मोठा झाला तर खटकतं. पण ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर हे आयुष्यभर रंगमंचावर वावरलेले गृहस्थ. त्यांचा आवाज घरातही रंगमंचाच्या मापाचा असणं हे त्या माणसाचं लक्षण आहे. म्हणून तिथे नाना पाटेकरांचं मोठेपण आपोआप चूक ठरत नाही. त्यांच्यासमोर विक्रम गोखले यांचा रामभाऊ कमी आवाजात, श्वासावर बोलतो. दोघांच्या मापातला फरक हेच त्या मैत्रीचं चित्र आहे. कोण वरचढ, यावर हमखास वाद होतो. होऊ द्या, पण वादात प्रत्येकाने एक मिनिट-सेकंद सांगितला पाहिजे.

जुन्या चित्रपटांना आजची पट्टी लावू नका, एवढंच. अमळनेरात शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावरचा ‘श्यामची आई’ (१९५३) बघताना वनमालाबाईंचे शब्द आज जरा नाटकी वाटतील. त्या काळात बोलण्याची रीत रंगभूमीवरून आली होती. तिथे वाचिक सोडा, आवाज बंद करून बघा.

तुलना: कशाची कशाशी

दोन वेगळ्या नटांच्या दोन वेगळ्या भूमिका शेजारी ठेवून ‘हा मोठा की तो’ विचारणं म्हणजे केळी आणि कापसाचा भाव एका काट्यावर मोजणं. एक धागा समान ठेवा, मग तुलना बोलू लागते.

नट तोच, माणूस वेगळा: निळू फुले ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव आणि ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस. दोन्ही चित्रपट जब्बार पटेल यांचे, दोन्हींचं लेखन विजय तेंडुलकरांचं. एकात तो जागा व्यापतो, दुसऱ्यात जागा सोडतो. प्रत्येक चित्रपटातले दोन प्रसंग घ्या आणि फक्त खुर्चीत बसणं पाहा. टेकून, पुढे झुकून, कडेवर. बाकी काही नको.

प्रसंग तोच, नट वेगळे: ‘सैराट’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धडक’ (२०१८). किंवा ‘देवदास’: १९५५ चे दिलीप कुमार आणि २००२ चा शाहरुख खान. दारू पिण्याचे प्रसंग ओळीने लावले की तासभर पुरतात.

प्रतिमेविरुद्धची भूमिका हा तिसरा धागा. साध्यासरळ मध्यमवर्गीय तरुणाच्या भूमिकांमुळे सगळ्यांना आवडणारे अमोल पालेकर ‘भूमिका’ (१९७७) मध्ये बायकोच्या कमाईवर जगणारा नवरा झालेत. त्यांचं तेच मऊ बोलणं इथे किळसवाणं कसं होतं, हे शोधण्यासारखं आहे.

आणि ‘भूमिका’ म्हटलं की स्मिता पाटील. घराणं शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील तिथलेच. त्यामुळे खान्देशात तिच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप ओला होतो. तिथेच सांभाळायचं. ‘आपली पोर’ हे कौतुक आहे, मत नव्हे. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, हेही मत नव्हे, ती माहिती. मत हवं असेल तर ‘जैत रे जैत’मधली ठाकर समाजातली चिंधी आणि ‘उंबरठा’ (१९८२) मधली शिकलेली, आश्रमाची अधीक्षक सुलभा शेजारी ठेवा. दिग्दर्शक दोन्हींचा एकच. आवाज बंद करा आणि फक्त चालणं बघा: पाऊल कसं पडतं, खांदे कुठे असतात, नजर जमिनीवर की समोर. एका बाईची चाल उघड्या डोंगराची सवय असलेली, दुसरीची दालनं-व्हरांड्यांची. हा फरक लुगडं आणि साडीमुळे किती आणि तिच्यामुळे किती, हा प्रश्न गटात टाका. आहार्य आणि आंगिक वेगळं करायला याहून चांगला धडा सापडणार नाही.

बैठक कशी बसवावी

आठ ते दहा माणसं, दीड तास, एक भूमिका. बारापेक्षा जास्त झाले की कोपऱ्यात वेगळी बैठक सुरू होते. प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ एकाच्या हातात. तो त्या दिवशी मत मांडत नाही. पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, वाद दुसऱ्या फेरीत.

पूर्ण चित्रपट गटात दाखवायच्या भानगडीत पडू नका. घरच्या ओटीटी वर्गणीत सभागृहातलं प्रदर्शन बसत नाही, त्यासाठी हक्क असणाऱ्याची परवानगी लागते. प्रत्येकाने घरी बघून यावं. बैठकीत ज्याच्या त्याच्या वहीतला मिनिट-सेकंद आणि आठवण पुरते.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर रात्री साडेआठनंतर, त्याआधी फरशीच पाय भाजते. हिवाळ्यात मळ्यातली भरीत पार्टी सोयीची, पण चर्चा जेवणाआधी उरका. वांगी तुराट्यांवर भाजली जात असताना, सालं निघत असताना लोक मोकळे बोलतात. कळण्याची पुरी पोटात गेल्यावर ‘सात्त्विक अभिनय’ ऐकायला कुणी जागं राहत नाही.

बायकांनी रात्रीच्या बैठकीला यावं अशी नुसती अपेक्षा ठेवून चालत नाही. बिबडे-कुरडयांच्या दिवसांत गल्लीतल्या पाच-सहा जणी सकाळपासून एकत्र बसलेल्या असतात, हात चालू आणि तोंड मोकळं. तिथेच ‘उंबरठा’तली सुलभा घर सोडते ते पटलं का, एवढं विचारा. मग त्यातून वळवा: पटलं ते कथेमुळे, की स्मिताने तो निर्णय चेहऱ्यावर कधी आणला त्यामुळे?

कुठे बिनसतं

कथा सांगणारा प्रत्येक गटात असतो. ‘मग तो गावाला येतो, मग त्याचा भाऊ...’ एक मिनिट द्या आणि विचारा, ‘भाऊ, यातला तुमचा क्षण कोणता?’ ज्येष्ठांना असं अडवणं बरं दिसत नाही. तिथे ‘आबा, तिथेच थांबा जरा. तेव्हा त्याचे हात कुठे होते?’ असं विचारलं की आबा आपोआप कथेतून बाहेर येतात, आणि बऱ्याचदा सगळ्यात नेमकं उत्तर त्यांचंच असतं.

नकला करणारा संवाद म्हणून दाखवतो, टाळ्या घेतो, चर्चा संपते. त्याला थांबवू नका, कामाला लावा: तेच वाक्य थांबा काढून म्हणायला सांगा, मग वेगळ्या शब्दावर दाब देऊन. मूळ नटाने काय निवडलं ते सगळ्यांना ऐकू येईल.

हिरोचे भक्त आणि दुसऱ्या हिरोचे भक्त एकाच बैठकीत आले तर एक नियम पुरतो. जो स्तुती करेल त्याने त्याच नटाची न जमलेली एक जागा सांगायची, आणि जो टीका करेल त्याने जमलेली एक. पहिल्यांदा चिडतात. तिसऱ्या बैठकीला घरूनच दोन्ही जागा लिहून आणतात.

नवखी पोरं गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं समीक्षेची मराठी बोलावी लागेल. त्यांना सांगा, अहिराणीत बोल. ‘त्याना डोया दख, बोलस ते नको ऐकू’ यात जे मत आहे ते छापील मराठीत सांगायला तीन वाक्यं लागतील.

लिहून पाठवायचं असेल तर दीडशे शब्द, आवाजी संदेश असेल तर दीड मिनिट. वर चित्रपटाचं नाव, नट, आणि क्षणाचा मिनिट-सेकंद. पाच वर्षांच्या आतला चित्रपट असेल तर शेवट फोडणाऱ्या मजकुराआधी तसं लिहून चार-पाच ओळी मोकळ्या सोडा. संदेश पाठवण्याआधी त्यातून नटाचं नाव काढून वाचून बघा. ‘तो’ कोण हे नाव नसतानाही ओळखू येत असेल तर पाठवा. कुठल्याही नटाला लागू पडत असेल तर परत त्या तीन मिनिटांच्या तुकड्याकडे जा.

पुढच्या वेळची भूमिका निघण्याआधीच ठरवा. ज्याने आज घड्याळ सांभाळलं त्याने ती निवडायची.